योगिनी, मैना आणि अजस्र फुले

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयात विजापूरच्या आदिलशाही चित्रशाळेतील एक पान आहे. अभ्यासक त्याला ‘योगिनी आणि मैना’ या नावाने ओळखतात आणि त्याचा काळ इसवी सन १६०३-०४ च्या सुमाराचा मानतात. ज्याने ते काढले त्या चिताऱ्याचे नाव उपलब्ध नसल्यामुळे, त्याची ही सर्वोत्तम कृती आज ज्या शहरी आहे त्या शहरावरून त्यालाच ‘डब्लिनचा चितारी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. दख्खनच्या मातीत ज्याची कला बहरली त्याला दूरच्या समुद्रापलीकडील नगराचे नाव मिळावे, हा दैवयोग मनाला चटका लावल्यावाचून राहत नाही. परंतु या लेखाचा विषय चिताऱ्याचे नाव हा नसून त्याने रंगविलेली फुले हा आहे. कारण माझ्या समजुतीप्रमाणे या चित्राचा अर्थ लावण्याची किल्ली योगिनीच्या मुखापाशी नसून तिच्या अवतीभवती उगवलेल्या त्या अजस्र, अलौकिक आणि कोणत्याही वनस्पतिकोशात न सापडणाऱ्या फुलांपाशी आहे.

प्रथम चित्रात काय आहे ते सावकाश पाहू. मध्यभागी एक स्त्री उभी आहे. ती कृश नाही, वृद्ध नाही. उंच, सडसडीत आणि राजस आहे. केसांचा जटेसारखा जुडा मस्तकावर बांधलेला आहे आणि तो तापसी स्त्रीला शोभणारा आहे. पण गळ्यात व कानांत अलंकार आहेत, अंगावर सोनेरी छटेचा उंची अंगरखा आहे आणि शेल्यांचे लांब पदर वाऱ्यावाचून लहरावेत तसे देहाभोवती झुलत आहेत. कांतीवर भस्माची करडी छटा आहे. हातावर एक मैना बसलेली असून स्त्री आणि पक्षी यांची दृष्टी एकमेकांत गुंतलेली आहे. दोघांत काही संभाषण चालू असावे आणि त्यात तिसऱ्याने पडू नये, असे ते दृश्य पाहताच वाटते. पाठीमागे गर्द हिरवी भूमी वर चढत जाते आणि चित्राच्या माथ्यावर, फार दूर, एक शुभ्र प्रासाद झळकतो. आणि योगिनीच्या दोन्ही बाजूंस, पायांपासून वर, गुलाबी, पांढरी, जांभळट फुले उमललेली आहेत, ती अशी की त्यांतील एकेक फूल तिच्या मुखाएवढे किंवा त्याहूनही मोठे भासावे. पाकळ्यांच्या कडा मुरडलेल्या आहेत, देठ सापासारखे वळले आहेत, पानांची टोके ज्वाळेसारखी उसळली आहेत. कमळ म्हणावे तर ते कमळ नव्हे. गुलाब, गुलखैरा, सूर्यफूल यांपैकीही काही नव्हे.

या ठिकाणी बहुतेक प्रेक्षकांचे मन दोहोंपैकी एका वाटेने जाते. पहिली वाट अशी की, जुन्या चित्रकारांना यथार्थदर्शनाचे ज्ञान नव्हते, म्हणून फूल मोठे आणि प्रासाद लहान झाला असेल, असे म्हणून पुढे सरकावे. दुसरी वाट अशी की, फूल म्हणजे नश्वर सौंदर्य, पक्षी म्हणजे आत्मा, महाल म्हणजे संसार, असा एक तयार कोश हाती घेऊन चित्रातील प्रत्येक वस्तूपुढे तिचा अर्थ मांडावा आणि हिशेब पुरा झाला असे समजावे. या दोन्ही वाटा मला अमान्य आहेत. पहिलीत चिताऱ्याच्या बुद्धीचा अधिक्षेप आहे आणि दुसरीत त्याच्या डोळ्याचा. ज्या कारागिराने मैनेच्या चोचीचा बाक आणि योगिनीच्या बोटांची लय इतक्या अचूकपणे साधली, त्याला फुलाचे खरे माप ठाऊक नव्हते हे मानण्यास मन धजत नाही. ठाऊक असूनही त्याने ते सोडले, याचा अर्थ त्या सोडण्यात त्याला काही सांगावयाचे होते.

हे सांगणे कसले होते हे कळण्यास त्याच काळातील मोगल दरबाराशी तुलना उपयोगी पडेल. सम्राट जहांगीर याच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चितारी होता. १६२० मध्ये जहांगीर काश्मीरला गेला असता मन्सूरने तेथील फुलांची शंभराहून अधिक चित्रे काढली, असे बादशहाने स्वतः आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. मन्सूरचे फूल पाहा: पाकळीवरची रेघ, देठावरची लव, मिटलेली कळी आणि सुकत चाललेले पान, सारे निसर्गातून उचलून जसेच्या तसे कागदावर उतरविलेले. युरोपातून आलेल्या वनस्पतिग्रंथांतील मुद्रित चित्रांचाही त्या पद्धतीला हातभार लागला होता. मोगल चितारी फुलाची एक प्रकारे पंचनाम्यासारखी नोंद करतो. जे आहे ते, जेवढे आहे तेवढे, सरकारी दप्तरात दाखल व्हावे तसे. विजापूरच्या चिताऱ्याचे फूल मात्र कोणत्याच बागेत दाखल झालेले नाही. ते त्याच्या रेषेतून उगवले आहे आणि म्हणून त्याचे माप बागेच्या गजाने मोजून चालणार नाही.

तरीही ते निव्वळ हवेतून उपजलेले नाही. त्याच्या वंशावळीचा शोध घेतला तर ती फार दूरवर जाते. चीन देशातील चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर पद्म आणि मुदान (पिओनी) या फुलांच्या वळणावळणाच्या वेली काढलेल्या असत. मंगोल आणि तैमुरी राजवटींत हे नमुने इराणात गेले. तेथील चिताऱ्यांनी आणि गालिचे विणणाऱ्यांनी त्यांना आणखी नटविले, त्यांतील मूळ फूल कोणते हे विसरूनही त्यांची लय मात्र जपली. विजापूरच्या सुलतानांचे इराणशी नाते घनिष्ठ होते. तेथील कवी, वैद्य, सरदार आणि कारागीर दख्खनच्या दरबारांत येऊन इनाम-अकराम मिळवीत. शिवाय दाभोळसारखे बंदर आदिलशाहीच्या ताब्यात होते. गोवे हेही मूळचे विजापूरचेच; १५१० मध्ये ते पोर्तुगीजांकडे गेले, पण त्यानंतरही चीनची भांडी, रेशीम आणि युरोपातील मुद्रित चित्रे त्याच दाराने घाट चढून वर येत राहिली. कोकणच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या गलबतांतील मालाचा आणि विजापूरच्या चित्रांतील पाकळ्यांचा असा अप्रत्यक्ष पण खरा संबंध आहे. भांड्याच्या पोटावर फिरणारी वेल जेव्हा कागदावर उतरून जमिनीत रुजते आणि एका स्त्रीच्या शेजारी तिच्याच तोलाने उभी राहते, तेव्हा ती नक्षी राहत नाही. ती चित्रातील दुसरे पात्र बनते.

पात्र हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. रेषेकडे थोडे बारकाईने पाहिले तर त्याची साक्ष पटते. योगिनीच्या शेल्याचा पदर जसा वळसा घेऊन टोकाशी किंचित मुरडतो, तशीच फुलाची पाकळी मुरडते. तिच्या कमरेचा बाक आणि देठाचा बाक यांत नाते आहे. जुड्याची वर निमुळती होत गेलेली आकृती कळीच्या आकृतीची बहीण शोभावी अशी आहे. एकाच हाताने, एकाच लयीत, स्त्री आणि वनस्पती काढलेल्या आहेत. शैलीबद्ध चित्राचा हा विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यथातथ्य चित्रात प्रत्येक वस्तू आपापल्या जातिधर्माने वेगळी पडते, कापड कापडासारखे आणि पान पानासारखे. शैलीबद्ध चित्रात चितारी सर्व वस्तूंना एका रेषेच्या शासनाखाली आणतो आणि त्यामुळे ज्यांचा व्यवहारात काही संबंध नाही अशा वस्तू सजातीय भासू लागतात. येथे त्या रेषेने फुलांना आणि योगिनीला एका कुळात घेतले आहे. महालाला मात्र त्या कुळात प्रवेश नाही. तो सरळ रेषांचा आणि पांढरा आहे, आणि तो दूर आहे.

अशा पानाची घडण कशी होत असे, हेही सांगितले पाहिजे, कारण घडणीचा परिणाम अर्थावर होतो. कागदाचे अनेक ताव एकमेकांस चिकटवून जाड वसली तयार करीत. तीवर कुंचल्याने पहिला आराखडा रेखला जाई, मग त्यावर सफेद्याचा पातळ हात देऊन पुन्हा नेमकी रेषा काढीत आणि नंतर रंग भरीत. हिंगुळापासून तांबडा, लाजवर्दापासून निळा, हरताळ व प्यावडीपासून पिवळा, जंगालापासून हिरवा, काजळापासून काळा. हे रंग डिंकात खलून थरावर थर चढवीत आणि मधूनमधून कागद गुळगुळीत दगडावर पालथा ठेवून पाठीमागून अकीकाच्या घोट्याने घोटीत, म्हणजे रंग कागदाच्या अंगात मुरून मिन्यासारखा चमकू लागे. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने, केसागणिक रेषा ओढून, मुखावरची सावली साधीत. सर्वांत शेवटी सोने: वर्ख डिंकात खलून केलेले सोन्याचे पाणी कुंचल्याने लावून पुन्हा घोटीत. या क्रमात उतावळेपणाला जागा नाही. फुलाचा आकार पहिल्या आराखड्यातच निश्चित करावा लागतो. मागाहून सहज म्हणून रिकाम्या जागी एखादे प्रचंड फूल घालता येत नाही. तेव्हा ‘जागा उरली म्हणून फुले भरली’ हे म्हणणे कारखान्यातील रीत पाहता टिकत नाही.

आता ज्या दरबारासाठी हे पान घडले त्याच्याकडे वळू. दुसरा इब्राहीम आदिलशहा १५८० मध्ये नऊ वर्षांच्या वयात गादीवर आला आणि १६२७ पर्यंत त्याने राज्य केले. बालपणी चाँदबिबीने त्याच्या वतीने कारभार पाहिला. हा सुलतान संगीताचा वेडा होता, आणि वेडा हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही: त्याने आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असे नाव दिले होते आणि तो जणू दरबारातील मानकरी असावा तसा त्याचा गौरव होई. १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेस त्याने नौरसपूर ही संगीतनगरी वसविण्यास आरंभ केला. ‘किताब-ए-नौरस’ या नावाने त्याने दखनी भाषेत जी गीते रचली, त्यांत ५९ पदे आणि १७ दोहरे आहेत. त्यांत सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे, आणि एके ठिकाणी तर गणपती हा आपला पिता व सरस्वती ही माता असे तो सांगतो. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे. काही चित्रांत तो गळ्यात रुद्राक्षांची माळ घालून दिसतो. १६०३-०४ मध्ये, म्हणजे नेमके आपल्या चित्राच्या सुमारास, अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या विवाहसंबंधात असदबेग नावाचा वकील विजापुरास पाठविला होता. त्याने आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे की सुलतानाला फारसी समजे, पण ती बोलताना तो अडखळे आणि आपल्या माणसांशी मराठीत बोले. मराठी वाचकाला हा तपशील कौतुकाचा वाटेल हे खरे, पण येथे त्याचे महत्त्व निराळे आहे. हे चित्र ज्याने हातात धरून पाहिले असण्याचा संभव सर्वाधिक, तो मनुष्य इराणी काव्याच्या संकेतांत वाढलेला होता आणि त्याच वेळी जोगी, नाथ, देवी आणि जोगवा यांच्या मुलुखात, त्यांच्याच भाषेत श्वास घेत होता. चित्रातील स्त्री कोण या प्रश्नाचे उत्तर शोधताना हे दोन्ही प्रवाह एकदम डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

ती कोण असावी? एक मत असे की ती खरोखरीची योगिनी, म्हणजे तंत्रमार्गातील सामर्थ्यवान स्त्री-शक्तींपैकी एक आहे. ओडिशातील हिरापूर किंवा नर्मदाकाठचे भेडाघाट येथील योगिनींची मंदिरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की या देवता आकाशगामी मानल्या जात आणि त्यांतील काहींची मुखेच पशुपक्ष्यांची असत. विजापूरच्या दरबाराला या विद्येची माहिती होती, याला भक्कम पुरावा आहे. इब्राहीमच्या आधीचा सुलतान अली आदिलशहा याच्या काळात, १५७०-७१ मध्ये, ‘नुजूम-उल्-उलूम’ नावाचा एक सचित्र महाग्रंथ सिद्ध झाला; त्याचा कर्ता खुद्द अली आदिलशहाच असावा असे अलीकडचे संशोधक मानतात. त्यात ग्रहगती, हत्ती, घोडे, शस्त्रे यांच्या जोडीला मंत्रतंत्र आणि अदृश्य शक्तिदेवतांच्या मालिकाच्या मालिका रंगविलेल्या आहेत. योगायोगाने तो ग्रंथही आज डब्लिनच्या त्याच संग्रहालयात आहे. राजाला राज्य टिकविण्यासाठी तोफखाना लागतो तशी या शक्तींची अनुकूलताही लागते, अशी त्या काळची गंभीर धारणा होती. ती आपण हसण्यावारी नेली तर या चित्रातील स्त्रीची निश्चल, किंचित भयकारक प्रतिष्ठा आपल्याला कधीच उमगणार नाही.

दुसरे मत तिला प्रेमयोगिनी मानते. उत्तरेतील सूफी कवींनी अवधी भाषेत जी प्रेमाख्याने रचली, त्यांत प्रेमाने पोळलेला नायक राजवस्त्रे टाकून, अंगाला राख फासून, जोग्याच्या वेषात बाहेर पडतो. कुतुबनची ‘मृगावती’ १५०३ ची, जायसीची ‘पद्मावत’ १५४० ची, मंझनची ‘मधुमालती’ १५४५ ची. ‘पद्मावत’मध्ये हीरामन पोपट नायिकेच्या रूपाचे वर्णन करून राजाला वेड लावतो, ‘मधुमालती’मध्ये तर नायिकेची आईच तिला शाप देऊन पक्षी करून टाकते. हे वाङ्मय दख्खनला परके नव्हते. इब्राहीमच्याच काळात विजापुरात हसन मंझू खलजी याचे ‘पेमनेम’ हे प्रेमाख्यान चित्रांसह तयार झाले, त्यात नायकाच्या छातीवर प्रियेची प्रतिमाच काढलेली दिसते. आणि पुढे १६५७ मध्ये नुसरतीने ‘मधुमालती’ची कथा ‘गुलशन-ए-इश्क’ या नावाने दखनीत आणली. ज्या रसिकांच्या कानांवर या कथा पडत, त्यांना अलंकार न टाकता भस्म लावलेली स्त्री आणि तिच्याशी बोलणारा पक्षी पाहून काय आठवत असेल हे सांगावयास नको. अलंकार आणि राख यांचा एकत्र वास हा या मतानुसार विरोध नाहीच. तीच प्रेमाख्यानाची रीत आहे.

याला आणखी एक पदर आहे. इराणी परंपरेत शेबाची राणी बिल्कीस आणि तिच्याकडे सुलेमानाचा खलिता घेऊन येणारा हुदहुद पक्षी यांची जोडी सर्वपरिचित आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरचे एक इराणी चित्र आहे, त्यात बिल्कीस पहुडली असून समोर हुदहुद आहे. विजापूरच्या फारसी जाणणाऱ्या प्रेक्षकाला आपली योगिनी पाहताना तिची आठवण झाली असेल, हे मला अगदी संभवनीय वाटते. राजा, राणी आणि मधला पक्षी-दूत हा सांगाडा तोच आहे; फक्त राणीच्या अंगी राख आली आहे आणि हुदहुदाच्या जागी आपल्याकडची बोलकी मैना बसली आहे.

मराठी मनाला मात्र चौथीच ओळख आधी पटेल. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. म्हणजे हे चित्र रंगले तेव्हा नाथांना जाऊन पाचच वर्षे होत होती. त्यांनी भवानीचा जोगवा मागणारीचे रूप घेऊन अध्यात्म सांगितले, ते आजही गोंधळात आणि कीर्तनात ऐकू येते. तुळजापूर आणि सौंदत्ती ही क्षेत्रे विजापूरपासून काही फार दूर नाहीत. कवड्यांची माळ आणि परडी घेऊन देवीच्या नावाने फिरणाऱ्या स्त्रिया त्या मुलुखात नित्य दिसत. चितारी ज्या वाटेने जात-येत असेल त्या वाटेवर त्याला अशी एखादी स्त्री भेटली नसेल असे मानणे कठीण आहे. परंतु येथे हात आखडता घेतला पाहिजे. आपल्या चित्रातील स्त्रीच्या गळ्यात कवड्या नाहीत आणि हातात परडी नाही. तिला आपल्या गावची म्हणून मिरविण्याचा मोह आवरावा. एवढेच म्हणावे की, साध्वी आणि राणी, भिक्षेकरीण आणि देवता एकाच देहात नांदू शकतात हे समजण्यासाठी दख्खनच्या माणसाला इराणी ग्रंथ वाचण्याची गरज नव्हती.

इतकी मते दिल्यावर त्यांतील एकाची निवड करावी अशी वाचकाची अपेक्षा रास्त आहे. माझे मत असे की, चिताऱ्याने ही निवड हेतुतः टाळली आहे आणि ती टाळण्याचे साधन म्हणूनच त्याने फुले वापरली आहेत. कल्पना करा की योगिनीच्या मागे ओळखीचा पिंपळ आहे, जवळ देवळाची पायरी आहे, पायाशी झेंडू किंवा जास्वंद आहे: ती तत्क्षणी एका पंथाची, एका क्षेत्राची साध्वी ठरेल. उलट तिच्या भोवती विजापूरच्या शाही बागेतील सरू, कारंजे आणि गुलाबाचे ताटवे असते, तर ती जोगिणीचा वेष केलेली दरबारी स्त्री ठरली असती. या दोन्ही ओळखी चिताऱ्याने नाकारल्या. त्याने तिला अशा भूमीत उभे केले की जेथील वनस्पतींवर कोणत्याही देशाचा किंवा धर्माचा शिक्का नाही. चीन, इराण आणि दख्खन या तिघांच्या रेषा त्या फुलांत मिसळल्या आहेत, पण त्यांपैकी कोणीही त्यांवर वहिवाट सांगू शकत नाही. ही भूमी कोणती, हे आपण फुलांवरून ठरवितो. आणि फुले कोणत्याच भूमीची नसल्यामुळे तिथे उभी असलेली स्त्रीही इहलोकाच्या हिशेबातून सुटते. मोठी फुले ही या सुटकेची पहिली खूण आहे. ती पाहताच डोळा आपले नेहमीचे माप टाकतो, आणि माप टाकल्यावरच राख लावलेली राणी आणि बोलणारी मैना यांवर विश्वास ठेवण्यास तो तयार होतो.

या विवरणाला एक आक्षेप घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दख्खनच्या इतर चित्रांतही, जेथे योगिनी नाही, साधा शिकारी सुलतान आहे किंवा नुसता उभा असलेला सरदार आहे, तेथेही फुले फुगलेली आणि खडक गुलाबी-जांभळे असतात. मग ती केवळ प्रांतिक शैली का म्हणू नये? हे खरे आहे. शैली चिताऱ्याला वारशाने मिळते, तिचा प्रत्येक अवयव तो नव्याने शोधून काढीत नाही. परंतु वारशाने मिळालेल्या धनाचा विनियोग मात्र ज्याचा त्याने करावयाचा असतो. ज्या चित्रांत फुले मागे, कडेला आणि विरळ असतात, तेथे ती शैलीच्या सवयीने आली आहेत असे मानावे. येथे ती अग्रभागी आली आहेत, मानवी देहाच्या बरोबरीने उभी राहिली आहेत आणि त्याच्या रेषेशी बांधली गेली आहेत. त्याच प्रांताच्या सामान्य चित्रांशी हे पान ताडून पाहिले असता हा फरक चटकन दिसतो, आणि अर्थ लावण्याचे काम खरोखर अशा ताडून पाहण्यापासून सुरू होते.

नौरसपूरचे पुढे काय झाले हे इतिहासाला ठाऊक आहे: १६२४ मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने चाल करून ते उद्ध्वस्त केले. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि तेथील ग्रंथ व चित्रे निरनिराळ्या हातांत गेली. आपले पान अखेर अमेरिकेत १८७५ मध्ये जन्मलेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटी या खाणउद्योजकाच्या संग्रहात आले; तो १९५० मध्ये डब्लिनला राहावयास गेला आणि १९६८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर हा सारा संग्रह जनतेच्या मालकीचा झाला. पुस्तकांतून या पानाच्या छापील प्रती पुष्कळ पाहावयास मिळतात, परंतु छापील शाईला सोन्याची नक्कल करता येत नाही. मूळ पान हे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतेच; मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या संग्रहात, बांधून ते हातात घेऊन पाहावयाचे असे, आणि पान जरा कलते केले की अंगरख्यावरचे सोने क्षणभर पेटून पुन्हा मावळत असे. ज्यांना डब्लिनला जाणे शक्य नाही त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील दख्खनी पाने पाहावीत, आणि विजापुरास गेल्यास आसार महालाच्या वरच्या मजल्यावरील भिंतीही चुकवू नयेत. तेथील मनुष्याकृतींची फार हानी झाली आहे, पण फुलदाण्या आणि त्यांतील फुले अजून पुष्कळशी ओळखता येतात.